खालच्या पट्टीतलं गाणं

कार्यक्रम संपल्यावर आम्ही तिघं मैदानाबाहेर चहाच्या गाडीवर थांबलो. ज्या रॉक बँडच्या कॅसेट ऐकत आमचं कॉलेज गेलं, त्याला आज पहिल्यांदा समोर ऐकलं होतं. गायक आता सत्तरी ओलांडलेला.

"यांनी केव्हाच थांबायला हवं होतं," अविनाश चिडून म्हणाला. "सगळी गाणी खालच्या पट्टीत गायली. वरचा सूर आला की माइक आपल्याकडे. याला गाणं म्हणायचं?"

"गिटार तर अजून तशीच वाजते," मी म्हणालो. अविनाशने नाही म्हणून मान हलवली.

वंदना म्हणाली, "कॉलेजात मी त्याला नुसतं ऐकायचे रे. तो सूर मला कधी लागलाच नाही. आज त्याच्याबरोबर अख्खं गाणं म्हटलं."

मला वाटलं, आवडत्या माणसांचं म्हातारपण आपल्याला चालत नाही, कारण आपली विशी आपण त्यांच्याच आवाजात ठेवून दिलेली असते. तो आवाज थकला की आपणच उघडे पडतो.

चहा निवत आला होता. अविनाश कपाकडे बघत म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बंगळुरूला गाणार आहेत म्हणे. जायचं का?"