मगरीच्या डोहात माझंच पोर

"कान धर. पोराचा न्हाई, तुझा."

हायस्कूलच्या ऑफिसात मालक मला म्हणाले. मी त्यांच्या मळ्यात कामाला आणि ते शाळेच्या कमिटीवर. माझ्या नववीतल्या पोरानं सरांची मोटारसायकल पळवून बंधाऱ्यावरून हात सोडून चालवली होती. खिडकीत सगळा वर्ग गोळा झालेला. मी चपला काढल्या. कान धरले.

"मेंढरं वळणाऱ्याला एक पोर वळवता येईना व्हय रं?"

आम्ही आटपाडीकडून कृष्णाकाठी पोटासाठी आलेली मेंढपाळ माणसं. सर हसले, हेडमास्तर हसले. मीही हसलो. ते सगळ्यात वाईट.

हेडमास्तर म्हणाले, हा मुलगा गुन्हेगार होणार. घरी जाऊन मी त्याला पट्ट्यानं झोडपला. तो रडला नाही. बघत राहिला नुसता.

त्याच आठवड्यात मालकांची नदीवरची मोटर पाणी उचलेना. पाण्याखालच्या पाइपाची जाळी कचऱ्यानं तुंबलेली. बुडी मारून कुणीतरी साफ करायची. त्या डोहात मगर आहे. मालकांचा थोरला तिचे फोटो काढून सगळ्यांना पाठवतो. स्वतः पाऊल भिजवत नाही.

मालकांचा निरोप आला. "तुझा वाघ धाड. त्याला भ्या ठावं न्हाई."

शाळेत गुन्हेगार. नदीवर वाघ. म्हणणारी तोंडं तीच.

याआधीही दर वेळी मीच त्याला पाठवला होता. वर येऊन त्यानं मूठभर कचरा उंचावला की काठावर शिट्ट्या पडायच्या. मालक त्याच्या पाठीवर थाप मारायचे, "शाब्बास रं गड्या!" मगर आहे हे ठाऊक असून माझी छाती फुगायची. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी काठावर तो शर्ट काढत होता. मी पहिल्यांदाच विचारलं, "मगर आली म्हंजी?"

"आली तर आली. वर आल्यावर मालक शाब्बास म्हणत्यात. तुमी कवा म्हणलाय?"

असल्या पोरांना पुढचं कळत नाही म्हणतात. त्याला कळत होतं. त्यानं तोलून बघितलं होतं. एका बाजूला जीव, दुसऱ्या बाजूला पाठीवरची थाप. थाप जड भरली, कारण दुसरीकडं कुठं ती मिळतच नव्हती.

मी त्याचं मनगट धरलं.

"वेळ घालवू नगंस," मालक ओरडले, "ऊस वाळाय लागलाय."

"त्यो न्हाई उतरायचा."

"मग तू उतर."

"मी बी न्हाई. मगर तुमच्या थोरल्याच्या वळखीची हाय. त्याला उतरवा."

काठावर कुणी हसलं नाही.

"आजच्या आज मळ्यातली खोली रिकामी कर," मालक म्हणाले.

पोरानं हात हिसडला. "सगळ्यांम्होरं माझी इज्जत घालवलीस तू." मला तो पहिल्यांदाच एकेरीत बोलला.

आता मी कुंडलला गवंड्याच्या हाताखाली आहे. पोर माझ्याशी बोलत नाही. शाब्बास म्हणायला माझं तोंड अजून उघडत नाही.

परवा मालकांचा माणूस आला. मोटर परत अडकलीय. "झालं गेलं इसरा, पोराला धाडा." पोरगा लगेच चपला घालायला लागला. मी दारात आडवा झालो. म्हणालो, जायचं तर माझ्या अंगावर पाय देऊन जा. आणि त्या माणसाला म्हणालो, मालकाला सांग, ऊस वाळू दे. सगळा वाळू दे.