वरातीतली जीप, त्रेचाळीस चित्रे

२००६ च्या उन्हाळ्यात अल्लीपूरजवळ एका वरातीला जीपची धडक बसली. नवरदेवाच्या काकाचा पाय मोडला. जीप थांबली नाही. आठवड्याने नवरदेवाचे वडील लग्नाची सीडी घेऊन वर्ध्याला आमच्या केबल चॅनेलच्या खोलीत आले.

मी तिथे बातम्या लिहीत असे आणि त्यांची चित्रफीतही जोडत असे. मोठे एडिटिंग सॉफ्टवेअर आमच्या जुन्या कॉम्प्युटरला पेलत नव्हते. म्हणून फुकट मिळणारा एक प्रोग्राम मी वापरत होतो. त्यात बटणे नव्हती. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करावी लागे.

काळा पडदा पाहताच गृहस्थ खुर्ची ओढून बसले.

"हेच. सीरियलमध्ये असंच राह्यते. ते पोरगी खटखट करते अन् नंबर साफ दिसते."

त्यांचा संशय शेजाऱ्यावर होता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचे भांडण होते. शेजाऱ्याची सवारी जीप होती आणि तिच्या नंबरात शेवटी आठ होता. आठ दिसला की त्याच्या नावाने तक्रार द्यायची, हे ठरवूनच ते आले होते.

धडकेचा भाग लग्नाच्या सीडीत अपशकुन नको म्हणून मिक्सिंगवाल्याने गुलाबाच्या पाकळ्यांखाली झाकला होता. मूळ कॅसेट पुसून तिच्यावर स्टुडिओने पुढचे लग्न घेतले होते.

"पाकळ्या हटवा."

"त्या चित्रातच मिसळल्यात, काकाजी. खाली काही उरलेलं नाही."

"सीरियलमधल्या पोरीनं तं काल धूर हटवला."

मी कमांड दिली. जीप दिसते तेवढ्या भागाची सुटी चित्रे झाली, त्रेचाळीस. पाचव्या चित्रात दोन पाकळ्यांमधून पुढची नंबराची पाटी दिसली. शेवटचा आकडा तीन किंवा आठ. चित्र मोठे केले तर नुसते चौकोन मोठे झाले.

"कम्प्युटरले येत नाई, का तुम्हाले येत नाई?"

"दोघांनाही."

"मंग आठ लिहून द्या. चॅनेलचा शिक्का मारजा."

मी नकार दिला. ते उठले नाहीत. मी पुढची चित्रे एकेक उघडत गेलो. मागची पाटी ढोलाआड होती. एकेचाळिसाव्या चित्रात पाकळ्या संपल्या आणि जीपची मागची बाजू दिसली. ते पडद्याकडे झुकले.

"शिडी काऊन नाई?"

"कोणती शिडी?"

"त्याच्या गाडीले मागून हाय. टपावर सामान चढवाले. वेल्डिंग केली हाय पक्की."

मी उरलेली दोन चित्रेही उघडली; शिडी त्यांतही नव्हती. मग त्यांनी विचारले, "हे शेवटचे तीन फोटो गाळता येते?"

"येतात."

"मंग गाळा नं."

मी त्रेचाळीसही चित्रे क्रमाने सीडीवर घेतली. सीडीवर पेनाने 'एकूण चित्रे ४३' असे लिहिले.

"हे तं सगळेच हायेत."

"हो."

सीडी खिशात घालून ते जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात तक्रार नोंदली गेली. ती अज्ञात वाहनाविरुद्ध होती.