दादाची न खुलणारी फाइल

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. काशीला पोचेपर्यंत मणिकर्णिकेवरचं सगळं उरकलं होतं. वहिनी एवढंच म्हणाली, "वन्सं, शेवटपर्यंत तुमच्या फ्लॉपीचंच चाललं होतं हो..."

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात आई मंगळागौरीची गाणी म्हणायची. इथल्याच बायकांनी रचलेली, हिंदी मिसळलेली, पुण्यात कुणी ऐकलीही नसतील. आई गेल्यावर दादाने ती कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. पण निम्मी त्याला आठवायची, निम्मी मला. अडलं तिथे तो टिंबं देऊन जागा सोडायचा आणि मी भराव्यात म्हणून फ्लॉपी पोस्टाने धाडायचा. त्याचा मराठी लिहायचा प्रोग्राम वेगळा, आमच्या ऑफिसातला वेगळा. फाइल उघडावी तर नुसते चौकोन आणि कसलीशी वेडीवाकडी चिन्हं! आई कुठे दिसायलाच तयार नाही.

रविवारी त्याचा फोन यायचा. "खुलली काय गं?"

"नाही रे. छापून पाठव ना, पेनाने भरते."

"आणि तुझे ते कोंबडीचे पाय मी पुन्हा टाइप करू? वा गं वा!" मग खरोखरच चिडायचा. "गाणी आईची, उतरवली मी, आणि कुलूप त्या कंपनीचं? कुठल्याही मशीनवर खुलेल अशी फाइल बनवायला या लोकांचं काय जातं?" पुन्हा नवा फॉन्ट, नवी फ्लॉपी, आणि पुन्हा तेच चौकोन. फोनवरच सांगायला गेले तर दोघंही चाल धरून गायला लागायचो आणि लिहायचं राहून जायचं. फार हट्टी होता माझा भाऊ. फार आठवण येते त्याची.

तेरावं झाल्यावर मी त्याच्या खुर्चीत बसले. त्याच्या मशीनवर फाइल चटकन उघडली. आईची गाणी, मधे मधे माझ्यासाठी सोडलेल्या जागा... डोळे पुसत एका बोटाने भरायला लागले. भाचा म्हणाला, "आत्या, तू बोल, मी फटाफट टाइप करतो." नको म्हटलं.

पुण्याचं तिकीट दोनदा पुढे ढकललंय. आता एकच जागा उरलीय. ओळ मला तोंडपाठ आहे. रोज मशीन लावते, तिथवर येते, चाल धरते आणि थांबते... ती भरली की दादाचं माझ्याकडे काही कामच उरणार नाही.