मीठ फुटलेल्या रानातला गहू

मला आधी राग येतो आणि मग रडू येतं. माझी आई म्हणायची, हिचं सगळंच उलटं. तर हेही रागातच लिहितेय, काही जास्तीचं बोलले तर ऐकून घ्या.

आमचं घर आष्ट्याच्या बाजूला. घरात मी आणि सासरे, दोघंच. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही, आणि त्याबद्दल कुणी हळहळायचं काम नाही. आमचे हे फौजेत, राजस्थानात. अडीच एकर रान आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाला. काळंभोर रान. लग्न होऊन आले तेव्हा त्यातल्या उसात बैल शिरला तर दिसायचा नाही. पण त्या रानाला चाळीस वर्षं नुसतं पाणी पाजलं. उसाला लागतं म्हणून पाजलं, पाण्याची पाळी आली म्हणून पाजलं, शेजाऱ्यानं पाजलं म्हणून आपणही पाजलं. ते सगळं मुरलं आणि खालचं मीठ वर घेऊन आलं. आमच्याकडं म्हणतात, रानाला मीठ फुटलं. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, चाललं की पायाखाली कुरकुरतो आणि टाचेच्या भेगांना असा झोंबतो की आईच आठवते. ऊस गेला, सोयाबीन उगवेना, शेवटी कुंदासुद्धा येईना. तण येत नाही त्या रानात बाईमाणसानं काय खुरपायचं?

ह्यांची नोकरी मार्चला संपणार होती. दिवाळीच्या रजेवर आले तेव्हा बांधावर उभं राहून म्हणाले, "या रानात एक पीक उभं करून दाव. एकच. मी कायमचा घरी येतो. न्हाईतर पुण्यात सिक्युरिटीची नोकरी हाय, मैतर बोलवतोय." सतरा वर्षं मी नवरा रजेपुरता बघितला. मला तो माणूस घरात पाहिजे होता. जेवताना समोर पाहिजे होता, भांडायला पाहिजे होता. लाज कशाची त्यात?

आणि बी पण त्यांनीच आणलं होतं. ट्रंकेत कपड्यांच्या खाली दहा-बारा किलो गहू. बारीक, लालसर दाणा. "आमच्या कॅम्पाजवळ खारट रानात हाच करत्यात," म्हणाले, "खारचिया म्हणत्यात." मी ओंजळभर उचलून हुंगला. गव्हासारखाच वास होता.

मग मी लागले कामाला. कृषी केंद्रात माती तपासून घेतली. तिथल्या साहेबांनी बरं समजावून सांगितलं. म्हणाले, "ताई, हे बी मीठ सोसतं, पण कोवळेपणी नाही. तान्ह्या पोराला जपता तसं महिनाभर जपा, मुळं खाली गेली की ते आपलं आपण बघून घेतं." दहा गुंठ्यांचा तुकडा धरला. दोन बायका लावून त्याच्या कडेनं ओढ्यापर्यंत कंबरभर खोल चर मारला. शेणखत घातलं. बी रात्रभर पाण्यात भिजवलं, सावलीत सुकवलं आणि सरीच्या बगलेला टोकलं, कारण मीठ जाऊन बसतं वरंब्याच्या डोक्यावर. वर दुसऱ्यांच्या उसाच्या फडातलं पाचट डोक्यावरून आणून पसरलं, म्हणजे ऊन मीठ वर ओढणार नाही. पाणी द्यायचं ते थोडं थोडं, नदीचं गोडं. ते मातीतलं मीठ विरघळवून घेऊन चरात उतरायचं आणि चरातून ओढ्याला जायचं. चराच्या तोंडाशी बसून मी ते पाणी जिभेला लावून बघायची. खारट लागलं की खूश. लोक म्हणायचे, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणेनात का!

सासऱ्यांना मात्र ते बघवायचं नाही. मी त्यांना मामा म्हणते. अख्ख्या शिवारात दारं धरावीत तर मामांनीच, असं त्यांचं नाव होतं. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवणं. मामा अनवाणी पायानंच ओळखायचे, पाणी सरीच्या शेवटाला पोचलं का नाही ते. चाळीस वर्षांत त्यांच्या बांधावरून पाणी बाहेर गेलं नाही. ज्याच्या रानातनं पाणी ओढ्याला जातं त्याला इथं पारावर बसू देत नाहीत, "काय गड्या, ओढ्याला पाजलंस व्हय?" करून भंडावून सोडतात. मामा चराशी यायचे आणि म्हणायचे, "पोरी, पाणी चाललंय की."

"जाऊ द्या मामा. मीठ घेऊन चाललंय."

"आगं, पर पाणी चाललंय की!"

मी हसायची. तिथंच बसवून त्यांना नीट समजावून सांगायला हवं होतं. मी हसत बसले.

गहू उगवला! कुठं दाट, कुठं विरळ, पण हिरवागार. विसाव्या दिवशी मी ह्यांना फोनवर सगळं रान फिरवून दाखवलं. म्हटलं, "बघा! आता ट्रंक भरायला घ्या." ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लय भारी केलंस गं." आवाज जड झाला होता. मला वाटलं, माणूस आनंदानं गहिवरलाय.

त्याच आठवड्यात कराडला भावाच्या पोरीचं बारसं होतं. दोन दिवसांसाठी गेले. जाताना बजावून सांगितलं, "मामा, मधी पाळी आली तर पाणी घेऊ नका. गव्हाला चार दिवस काय लागत न्हाई." मामा म्हणाले, "व्हय." पाळी सोडणं म्हणजे काय असतं ते मला कळायला पाहिजे होतं. ताटावरचं पोर उठून जावं आणि ताट तसंच राहावं, तसं त्यांना वाटत असणार. पण ते "व्हय" म्हणाले आणि मी गेले, पेढे खाल्ले, पाळणा म्हटला.

परत आले ती एस्टीतून उतरून तशीच रानात. गव्हाचा तुकडा तळ्यासारखा भरलेला. पाचट वर तरंगतंय आणि गव्हाची नुसती टोकं दिसतायत. मामा बांधावर उभे, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडावर समाधान. चराच्या तोंडाला त्यांनी मातीनं भरलेली पोती रचली होती, वर गवताची ढेकळं थापून पक्कं लिंपलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं एकट्यानं.

"तुजं पीक मला तान्हेलं दिसलं, पोरी," म्हणाले. "सगळी पाळी घेतली. येक थेंब बाहिर जाऊ दिला न्हाई."

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "आवं मामा, काय करून ठेवलंत हे! मारलंत तुमी त्याला! आता तुमचा ल्योक येत न्हाई, बसा पाणी धरत!" वडीलधाऱ्या माणसाला असं बोलू नये. बोलले. साडीचा काष्टा मारून चरात उतरले आणि हातानं पोती ओढून काढली. मामा वर उभे होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोल लावायचा?

पाणी निघून गेलं, पण उशीर झाला होता. दोन दिवसांत पाती पिवळी पडली, मग टोकाकडून करपली. माती वाळली तशी पुन्हा पांढरी फुटली, पहिल्यापेक्षा जास्त. मी खुरप्यानं ते मीठ खरवडून घमेल्यात भरत होते, कळशीनं गोडं पाणी एकेका रोपाच्या बुडाशी घालत होते. शेवटी बांधाकडेची दहा-पंधरा रोपं उरली. ती शेळीनं खाल्ली. बरं झालं.

ह्यांना फोन केला, झालं ते सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील, ओरडतील. मीच म्हटलं, "एक साल द्या मला अजून. मामांस्नी आता कळलंय. पुढच्या सालाला करून दावते."

ते म्हणाले, "तात्यांना काय बोलू नगस. त्यांचा दोष न्हाई." मामांना हे तात्या म्हणतात. मग म्हणाले, "आगं, मी दिवाळीच्या आधीच सही केलती. पुण्याच्या कामाच्या कागदावर."

मला आधी कळलंच नाही. "मग गहू कशाला आणलासा?"

"तू लय मागं लागली हुतीस. म्हटलं, तुला कायतरी करायला पायजे. तिथं काय उगवंल असं मला वाटलंच न्हाई."

मी फोन ठेवला. त्या दिवशी राग आलाच नाही. नुसती भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा.

मार्च आला आणि गेला. हे पुण्यात एका बंगल्यांच्या सोसायटीच्या गेटवर असतात. दर रविवारी फोन करतात. आणि मामा रानाकडं फिरकत नाहीत. फावडं गोठ्यात पालथं पडलंय. पाळी आली की सोडून देतात. निम्म्या भाकरीवरून उठतात आणि म्हणतात, "माज्या पाण्यानं पोरगं आलं न्हाई." दिवसातून दोनदा तरी म्हणतात. मी एक वाक्य बोलले तर त्यांच्या छातीवरचा हा धोंडा उतरेल. पण मग त्यांना कळेल की पोरगं पाण्यामुळं नव्हे, रानामुळंही नव्हे, त्याला यायचंच नव्हतं म्हणून आलं नाही. तुमच्याकडं नाही, माझ्याकडं नाही. हा धोंडा मी त्या म्हाताऱ्याला कुठल्या तोंडानं देऊ? रोज सकाळी वाटतं सांगून टाकावं, आणि चहा देते आणि आत येते.

काल रविवार. फोन यायच्या आधी मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्येला सांग, म्हातारा आता रानात पाय ठेवत न्हाई. पाण्याला हात लावत न्हाई. न्हाईतर बांधावर बोलवून माज्याकडनं शपथ घे म्हणावं. मग तरी ईल."

मी पिठाचे हात तसेच ठेवून म्हटलं, "सांगते मामा."