लीनाच्या कानापुरता आवाज

लीना स्टिडमचं गाणं देशभर वाजू लागलं ते १९८० साल. त्या वर्षी तिची थोरली बहीण व्हर्डी गेहार्ट आमच्या डोंगराळ काउंटीतल्या शर्टांच्या कारखान्यात कॉलर जोडत होती. वय एकेचाळीस. अंगाने बारीक, बोलायला बेताची, शिवणीवरून नजर न हलवता समोरच्याला उत्तर देणारी. आपण गायिका आहोत असं तिने कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, लीना गाते, मी तिच्याबरोबर असते.

बेअरपेनच्या खोऱ्यातल्या आमच्या चर्चमध्ये पियानो नाही, गिटारही नाही. तिथे माणूस सूर घेतो तो शेजारच्या माणसाच्या गळ्यातून. लीना पाच वर्षांची झाली तेव्हा बापाने तिला चाल दिली आणि बारा वर्षांच्या व्हर्डीला दुसरा आवाज दिला. दुसरा आवाज म्हणजे चालीच्या थोडं वरून, तिला धरून जाणारा सूर. दोघी उभ्या राहायच्या त्या खांद्याला खांदा लावून, लीना उजवीकडे, व्हर्डी डावीकडे. पुढे शाळेच्या सभागृहात, जत्रांमध्ये, गावच्या रेडिओवर त्या अशाच उभ्या राहिल्या. एकच माईक, दोघींची तोंडं वीतभर अंतरावर. लीना चाल पकडायची आणि व्हर्डी तिला पकडायची, असं सगळे समजत. उलटंही खरं होतं. पण ते तपासून पाहायची वेळ तोवर कधी आली नव्हती.

लीना सव्विसाव्या वर्षी गाण्यात नाव काढायला नॅशव्हिलला गेली. व्हर्डी गेली नाही. तिचा नवरा आर्लिस कोळशाच्या खाणीत पाठ मोडून घरी बसलेला, त्याला उठवायला-बसवायला माणूस लागे. लीनाला सात-आठ वर्षं झगडावं लागलं आणि मग एका कंपनीने तिला पूर्ण अल्बम दिला. तिने अट घातली की बहीण बरोबर गाईल. व्हर्डीने कारखान्यातून आठवड्याची रजा घेतली, आर्लिसला नणंदेकडे ठेवलं आणि बसने नॅशव्हिल गाठलं. स्टुडिओतल्या माणसांनी दोन माईक लावले होते. व्हर्डी तिच्या माईकपाशी गेली, मग न विचारता लीनाच्या माईकपाशी येऊन उभी राहिली. लीना सरकली आणि तिने जागा दिली. दहाच्या दहा गाणी त्यांनी एकाच माईकवर म्हटली. मागे फिडल, स्टील गिटार, बॅन्जो, सगळी आमच्याकडची वाद्यं. व्हर्डी घरी परतली ती डोळ्यांत झोप घेऊन, पण त्या आठवड्यात कारखान्यात ती शिवता शिवता गुणगुणत होती, हे तिच्या शेजारच्या मशीनवर बसणारी इमोजीन कॉडिल आजही सांगते.

तो अल्बम तसा बाहेर आलाच नाही. कंपनीच्या वरच्या माणसाने टेप ऐकल्या आणि त्याचं मत पडलं की ही बाई कंट्री संगीतापुरती ठेवण्यात अर्थ नाही, हिचा आवाज पॉपच्या स्टेशनांवर चालेल, मात्र गाण्यांना लागलेला डोंगर खरवडून काढायला हवा. त्या काळात हे सर्रास चालायचं. फिडल काढायची, स्टील गिटार काढायची आणि त्या जागी वीस व्हायोलिनवाले बसवायचे. लँडिस नावाच्या निर्मात्याकडे हे काम आलं. वाद्यं वेगवेगळी टेप केलेली होती, ती सहज निघाली. व्हर्डी निघेना. तिचा आणि लीनाचा आवाज एकाच माईकमधून टेपच्या एकाच पट्टीवर गेलेला. एक पुसायचा तर दोन्ही पुसावे लागणार. दोन बहिणींचा तो नाकातून येणारा जोड आवाज ऐकला की शहरातला माणूस स्टेशन बदलतो, असं लँडिसचं म्हणणं. त्याने लीनाला सगळं नव्याने, एकटीने गायला लावलं.

लीनाला ते जमेना. तीन दिवस ती काचेच्या खोलीत उभी राहिली आणि तीनही दिवस प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर खाली उतरला. वाद्यांवरून सूर धरायची तिच्या कानाला सवयच नव्हती. तिचा कान डावीकडे लागलेला असायचा. चौथ्या दिवशी तिने कारखान्यात फोन केला. मुकादमाने व्हर्डीला ऑफिसात बोलावून घेतलं. लीना एवढंच म्हणाली, "सिस, ये गं. तुझ्याशिवाय माझ्याच्याने होत नाहीये."

व्हर्डी त्याच संध्याकाळी निघाली. या वेळी त्यांनी तिला वेगळ्या खोलीत उभं केलं. मध्ये काच, पलीकडे लीना, दोघींच्या कानांवर हेडफोन. लँडिस अतिशय सभ्यपणे वागला. त्याने तिला कॉफी आणून दिली, खुर्ची हवी का विचारलं आणि सांगितलं की जोर लावू नका, फक्त तिच्याकडे पाहून म्हणा. व्हर्डीने तसंच म्हटलं. लीनाचा सूर पहिल्या ओळीपासून जागेवर बसला. दोन दिवसांत दहा गाणी झाली. तुमचा माईक टेपला जोडलेला नाही, तो फक्त तुमच्या बहिणीच्या हेडफोनला जोडलेला आहे, हे व्हर्डीला कुणी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. एका वेळी, एका छताखाली दोघींनी म्हटलं म्हणजे ते दोघींचं गाणं, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. आमच्यापैकी कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

घरी येऊन तिने आर्लिसला सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, आणि कधी नव्हे ते कारखान्यातही सांगितलं. मार्चमध्ये शहरातल्या पॉप स्टेशनवर गाणं पहिल्यांदा लागणार होतं. इमोजीनने मुकादमाच्या मागे लागून रेडिओ मशीनांच्या मधोमध आणून ठेवला. दुपारच्या जेवणानंतर निवेदकाने लीनाचं नाव घेतलं. स्टिडम हे आडनाव त्याने घेतलं नाही, कंपनीने ते काढून टाकलं होतं. बायकांनी मशीनं थांबवली. तो आवाज थांबला की त्या इमारतीत काय शांतता होते, हे तिथे काम केलेल्यालाच कळतं.

पहिली ओळ लीना एकटी म्हणते. दुसरीपासून व्हर्डी येते. व्हर्डी मान किंचित तिरकी करून बसली होती, चर्चमध्ये सूर उचलण्याआधी बसते तशी. दुसरी ओळ आली. व्हायोलिनं आली. तिसरी आली. कडवं संपलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या आणि मग कुणीच कुणाकडे पाहीना.

"अगं, तुझा आवाज तिच्या आवाजात इतका मुरलाय," इमोजीन म्हणाली, "की निराळा म्हणून ऐकूच येत नाही बघ."

"मी नाहीये त्यात," व्हर्डी म्हणाली.

मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं की नॅशव्हिलला जाऊन नुसती बहिणीची पर्स धरून बसली होती वाटतं. दोघीतिघी हसल्या. व्हर्डीने पुढची कॉलर मशीनखाली घातली.

तिने महिनाभर लीनाला फोन केला नाही. लीनाने केला तेव्हा मागे माणसांचा गलका होता, ती कुठल्याशा टीव्हीच्या कार्यक्रमासाठी कॅलिफोर्नियात होती. आर्लिस त्याच खोलीत पडलेला होता, त्याला ते संभाषण आठवतं, कारण त्यात फार थोडे शब्द होते. व्हर्डीने विचारलं, मी का नाही. लीनाने आधी लँडिसचं नाव घेतलं, मग कंपनीचं, मग आपल्याला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं असं म्हणाली आणि लगेच ते मागे घेतलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"तू होतीस, सिस. तुझ्याशिवाय एक ओळसुद्धा उभी राहिली नसती."

"मग ऐकू का येत नाही मी?"

"मला येत होतीस," लीना म्हणाली.

नंतर तिने खरं काम सांगितलं. दौरा ठरला होता. मंचावर सूर पुन्हा खाली उतरत होता. पडद्यामागे एक माईक आणि लीनाच्या पायाशी एक छोटा स्पीकर ठेवायचा, अशी सोय लँडिसने काढली होती. व्हर्डीने यावं. चांगली खोली मिळेल, आर्लिससाठी नर्स ठेवता येईल. व्हर्डीने विचारलं की मला पडद्यासमोर उभं राहता येईल का. लीना पुन्हा त्या चांगल्या खोलीबद्दल सांगू लागली. मग व्हर्डीने फोन ठेवला. आर्लिसने तिला जा म्हणून सांगितलं, मी नर्सच्या हातचं खाईन म्हणाला. ती म्हणाली, तू गप्प पड.

पण तिच्या नकाराने काही अडलं नाही, आणि हे तिला लीनाच्या पुढच्या फोनमधून कळलं. दोन दिवस काचेच्या खोलीत म्हटलेली दहा गाणी लीनाने आपल्या हेडफोनच्या तारेवरून स्वतःजवळ कॅसेटवर उतरवून घेतली होती, फक्त व्हर्डीचा आवाज, सरावासाठी. ती कॅसेट आता नॅशव्हिलच्या एका शिकलेल्या गायिकेला दिली. तिने चार दिवसांत सगळं उचललं. लीनाने हे मोठ्या सुटकेने सांगितलं. आता तुला दगदग नको, सिस, असं ती म्हणाली आणि तिला ते मनापासून वाटत होतं. पडद्यामागे त्या वर्षी नव्वद कार्यक्रमांत ती अनोळखी बाई व्हर्डीचे श्वाससुद्धा व्हर्डीच्या जागी घेत उभी राहिली.

व्हर्डी चर्चला जात राहिली, पण तिच्या ओठांची हालचाल नुसतीच दिसे. शेजारी बसणाऱ्यांनी आधी कुरबुर केली, मग सोडून दिलं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे कबरी सजवतात. टेकडीवरच्या कुटुंबाच्या कबरस्तानातलं गवत आदल्या दिवशी कापलेलं असतं, सकाळी प्रत्येक दगडापाशी फुलं ठेवतात, प्रार्थना होते आणि मग झाडाखाली चादरी पसरून सगळे जेवतात. तळलेली कोंबडी, घेवड्याच्या शेंगा, मक्याची पोळी, सुक्या सफरचंदाचा थरांचा केक. लीना आली नव्हती, तिने शहरातल्या दुकानातून बापाच्या कबरीसाठी पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र पाठवलं होतं. ते त्या दगडाहून उंच होतं. जेवणं आटोपली तशी गाण्याची मागणी झाली आणि सगळे लीनाच्या गाण्यावर आले. रेडिओवर रोज ऐकतो, आज घरच्या माणसाच्या तोंडून ऐकू, असं म्हणून त्यांनी व्हर्डीला उठवलं. ती नको म्हणाली. तिची ऑटीआत्या, नव्वदीला टेकलेली, डोळे गेलेली, हट्टाला पेटली. "म्हण गं पोरी. तुझा बाप ऐकतोय."

व्हर्डी बापाच्या कबरीशेजारी उभी राहिली, थोडी डावीकडे, उजवी बाजू मोकळी सोडून. तिने चाल म्हणायचा प्रयत्न केला. पहिली ओळ चालीत गेली आणि दुसरीला गळा आपोआप वर चढला, तिथे जिथे तो एकोणतीस वर्षं चढत आला होता. एकदा थांबून तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. मग तिने झगडणं सोडलं आणि दुसरा आवाजच म्हटला, पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत, एकटीने. खालची चाल नसताना ते सूर विचित्र ठिकाणी थांबत होते, भलत्याच जागी वळत होते. एकही सूर चुकला नाही. चादरीवर बसलेल्या माणसांनी नम्रपणे ऐकून घेतलं. शब्द सगळ्यांना पाठ होते, तरी कुणी बरोबर म्हणू लागलं नाही, कारण नेमकं कुठून शिरायचं ते कुणाला सापडेना.

संपल्यावर ऑटीआत्याने मान डोलावली. ऐकायला तिला कमी येत असे, शब्द तिच्यापर्यंत पोचले नसावेत.

"छान होतं हो," ती म्हणाली. "आता लीनाचं ते म्हण."

"ते मला येत नाही, आत्या," व्हर्डी म्हणाली आणि खाली बसून भांड्यांवर झाकणं घालू लागली.