आईची कंबर आणि बाबांचा टब

नव्वद-एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यातला रविवार. गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडला नवीन आलो होतो... चौथा मजला, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, आणि नळाला पाणी आलं तर नशीब! टँकर आला की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली.

त्यात आईची कंबर धरली. खाली बसून पोळ्या लाटायची, पण उठताना डोळ्यांत पाणी यायचं. "मी आता कायमची अशीच राहणार का गं?" असं तिने एकदा मला विचारलं, तेव्हा मी जाम घाबरले होते.

बाबांना ऑफिसात कुणीतरी पाण्याचे उपचार सांगितले. झालं! शनिवारीच बोरिवलीहून भलामोठा प्लॅस्टिकचा टब घेऊन स्वारी हजर. रोज आधी गरम पाण्यात बसायचं, मग गार पाण्यात, मग परत गरम... "औषध नको, गोळी नको, फक्त पाणी! टुणटुणीत होशील बघ."

रविवारी टँकरचा हॉर्न वाजला तशी आई नेहमीसारखी बादल्या घेऊन खाली गेली. बाबा इकडे गुणगुणत टब घासत बसले.

बराच वेळ ती येईना म्हणून आम्ही दोघं जिना उतरलो. दुसऱ्या मजल्यावर ती भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक, पायाशी भरलेल्या बादल्या, आणि तिथल्या गुजराती भाभी तिला पदराने वारा घालत होत्या.

"तुमच्या टबाचंच पाणी आणतेय हो," आई म्हणाली. "अजून किती लागेल?"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी मुकाट्याने दोन्ही बादल्या उचलल्या... संसारात पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाबा टँकरच्या लाइनीत. सगळ्या बायका आणि मध्ये हे एकटे! "क्या भाईसाब, आज भाभी को छुट्टी?" म्हणून बायका फिदीफिदी हसायच्या. बाबा लाजायचे, पण रोज जायचे.

आई टबात बसायची, मग त्याच पाण्यात कपडे भिजायचे. हळूहळू तिची कंबर मोकळी झाली.

"हिची कंबर मी पाण्याने बरी केली," असं बाबा सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे. आई नुसती गालात हसायची. पुढे नळाला बऱ्यापैकी पाणी आलं, तरी बाबांनी तिला भरलेली बादली शेवटपर्यंत उचलू दिली नाही.