डोळे सगळ्यात शेवटी

ताईचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या नेहमीच्या ग्रोसरी स्टोअरमध्ये दह्याच्या फ्रीजसमोर उभी होते. भर दुपारी ट्रॉयहून फोन म्हटल्यावर काय ते कळलंच होतं, तरी मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "बोल गं, जेवलीस का?" ती म्हणाली, "मीने, गेले गं तुझे दाजी." मी हातातला दह्याचा डबा परत जागेवर ठेवला, झाकण नीट बसलंय का तेही बघितलं आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून पोटभर रडले. याला आता अडीच-तीन महिने झाले. लोक म्हणतात लिहून काढ, बरं वाटेल. बरंबिरं काही वाटत नाही, पण दाजींबद्दल इतर कुणी लिहिलं तर त्यांना देवमाणूस करून टाकतील, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

जयवंत साळुंखे हे माझ्या थोरल्या बहिणीचे, शैलाताईचे यजमान. मिशिगनमधल्या ट्रॉयला राहायचे आणि मोटारींच्या कंपनीत सीटबेल्टचं डिझाइन करायचे. मूळचे साताऱ्याकडच्या एका खेड्यातले, इंजिनिअर होऊन इकडे आलेले. आवाज मात्र शेवटपर्यंत शिवारातून हाक मारल्यासारखा. हट्टी, विसराळू, आणि जेवायला हाक मारली की कधीही वेळेवर न येणारा माणूस. मी त्यांची एकुलती एक मेहुणी, त्यामुळे एकमेकांची खोडी काढणं हा आमचा जन्मसिद्ध हक्कच होता. आमच्यात सरळ बोलणं फार कमी व्हायचं.

२००१ च्या डिसेंबरात त्यांच्या ऑफिसात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी द्यायच्या होत्या. दाजींच्या वाट्याला कार्ल नावाच्या म्हाताऱ्या टूलमेकरची भेट आली. खोक्यात राखाडी रेझिनचे, म्हणजे टणक प्लॅस्टिकसारखे, तुकडे: एक धड, दोन हात, बूट, टोपी, तलवार. जुन्या काळातला फ्रेंच घोडेस्वार, जोडून रंगवायचा. घरात सगळ्यांना हसू आलं. रोहन, माझा भाचा, तेव्हा हायस्कुलात होता. तो म्हणाला, "डॅड, इट्स अ डॉल." दाजींनी मनावर घेतलं. दोन-तीन आठवडे बेसमेंटमध्ये बसून त्यांनी तो स्वार पुरा केला आणि आम्ही ख्रिसमसनंतर गेलो तेव्हा एखादं बाळ दाखवावं तसा दोन्ही हातांत धरून वर आणला. कोट सुंदर, बटणं सुंदर, पण स्वार चक्क तिरळा. मी म्हटलं, "दाजी, हा दोन शत्रूंवर एकदम लक्ष ठेवतोय वाटतं." सगळे हसले, दाजी सगळ्यात मोठ्यानं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्लॅस्टिकच्या पांढऱ्या चमच्यांच्या पाठीवर डोळे काढायचा सराव करत होते. त्या वर्षी ताईच्या घरी दह्यात चमचा घातला की तो आपल्याकडे बघायचा.

कार्लच्या ओळखीनं ते अशा शिपायांच्या क्लबात जायला लागले. गोऱ्या, रिटायर्ड, दाढीवाल्या मंडळींत आमचे दाजी एकटे. तिथला पहिला धडा म्हणजे डोळे आधी. चेहऱ्यावर पहिल्यांदा डोळे रंगवायचे, चुकले तर पुसता येतात, बाकी काही बिघडत नाही. बुबुळं अगदी मधोमध काढली की माणूस घाबरल्यासारखा दिसतो, म्हणून नजर थोडी एका बाजूला वळवायची. दाजी हे सगळं शिकले आणि पुढची चार-पाच वर्षं बेसमेंटमध्ये एकेक शिपाई उभा राहत गेला. ताईला त्या प्रकरणाचा राग नव्हता, तिचा राग दोन गोष्टींवर. एक म्हणजे रंगाआधी मारायच्या प्रायमरच्या स्प्रेचा वास, आणि दुसरं म्हणजे बेसमेंटचा दिवा. दाजी वर यायचे आणि खाली दिवा तसाच. ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून आधी जेवायला हाक मारायची, मग पुन्हा मारायची, मग ते आले की त्यांना ओलांडून खाली उतरून दिवा मालवायची आणि वर येताना बोलत यायची. इतक्या वर्षांत ना ती बोलायची थांबली, ना ते दिवा मालवायला शिकले.

खरी गोष्ट सुरू झाली ती टीव्हीवरून. इराकचं युद्ध चालूच होतं, रोज संध्याकाळी नकाशे दाखवायचे. एकदा बातमीदार 'बसरा' म्हणाला आणि दाजी ताटावरून उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. त्यांच्या आजीच्या तोंडी हा शब्द होता. "तुझा आजा बसऱ्याला गेला," एवढंच ती म्हातारी सांगायची. आजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले ते परत आले नाहीत. दाजींचे वडील तेव्हा अंगावर पीत होते. फोटो नाही, कपडा नाही, राख नाही. नुसती खबर आली, माणूस गेला म्हणून. आजीनं ती मानली, पेन्शनही घेतली, पण खाकी कपड्यातलं कुणी गावच्या वाटेवर दिसलं की हातातलं टाकून दाराशी यायची. मरेपर्यंत येत होती म्हणे. हे दाजींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही ताईला कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी फूटभर उंचीचा एक इंग्रज शिपाई मागवला, त्या युद्धातलाच, आणि त्याचा आजा करायला घेतला. रेझिनचे तुकडे ताईच्या सिंकमध्ये साबणाच्या पाण्यानं धुतले, त्यावरून एक भांडण झालं. जोड घासून घासून गुळगुळीत केले, हातापायांत पितळी तार घालून ते धडाला बसवले. टोपी कापून काढली. तिथं पागोटं बांधायचं होतं, आणि ते करायचं दोन रंगांच्या पुट्टीतून. ती पुट्टी कणकेसारखी मळायची आणि सुकायच्या आत पट्ट्या लाटून गुंडाळायच्या. पण पागोट्याच्या चुण्या पडतात कशा? दाजींनी ताईची सुती साडी स्वतःच्या डोक्याला गुंडाळली, आरशासमोर उभे राहिले, तेवढ्यात बेल वाजली आणि ते तसेच दार उघडायला गेले. पार्सलवाल्यानं सही घेतली, एकदा वर बघितलं आणि गाडीकडे वळला. मग नाक रुंद केलं, गालफडं वर आणली, मिशा लावल्या. कुणासारखा दिसायला हवा ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते स्वतःचा चेहरा चाचपून चाचपून करायचे.

पुढे अडलं ते रंगावर. दुकानात 'फ्लेश' लिहिलेल्या बाटलीतला रंग गुलाबी. दाजी वैतागून म्हणायचे, ही कुणाची कातडी, आमची का नाही? मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, सगळे आपापला पदार्थ घेऊन जेवायला जमले की, ते लोकांच्या चेहऱ्याकडे असे टक लावून बघायचे की एका काकूंनी ताईला बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना. शेवटी त्यांनी ऑइल पेंटमधले मातकट रंग घेतले, मिसळायचे आणि एक ठिपका स्वतःच्या मनगटाच्या वरच्या अंगाला लावून बघायचे. उन्हातली बाजू, कारण शिपाई उन्हात असणार. त्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा त्यांचा हात ठिपक्यांनी भरलेला होता. काही फिकट, काही काळपट. एका रविवारी त्यांनी माझ्यासमोर हात धरला आणि म्हणाले, शोध. मला ठिपका सापडेना. ते इतके खूश झाले की ताईला वरून खाली बोलावून तिलाही शोधायला लावलं. तिलाही सापडला नाही. तोच रंग त्यांनी आजोबांच्या चेहऱ्याला दिला.

डोळे मात्र नाही. कार्लला हे बघवेना. सगळं शिकवलं आणि हा पठ्ठ्या डोळे कोरे ठेवून मिशा रंगवतोय. दाजींनी त्याला समजावलं की बाकीचे शिपाई तुझ्या पद्धतीचे, हा आमच्या. आमच्या गावात कुंभार गणपती करायचे, त्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. तोवर ती माती, त्यानंतर तो घरात आलेला. कार्लनं मान डोलावली, पण पटलं नसावं. मला मात्र कळलं की दाजींचं घोडं दुसरीकडेच पेंड खातंय. नजर कुठे वळवायची ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मी म्हटलं, शिपाई आहे, शत्रूकडे बघेल, त्यात एवढं काय? दाजी नेहमीसारखं टोमण्यानं बोलले नाहीत. ब्रश खाली ठेवून म्हणाले, "मीना, माझ्या आजीनं जन्मभर वाटेकडे बघितलं. आता एकदा त्यानं तिच्याकडे बघू दे." मग पुन्हा ब्रश उचलून, "पण ती उभी कुठे आहे, ते ठरत नाही गं."

ते ठरायच्या आत गेल्या वर्षी ऑक्टोबरात पोटात दुखायला लागलं. पॅन्क्रियाजचा कॅन्सर, आणि फार पुढे गेलेला. केमो सुरू झाली तशी बोटांच्या टोकांतली जाणीव गेली. शर्टाचं बटण लागेना, तिथं केसाएवढ्या ब्रशनं डोळे कसले काढतात. तरी रोज थोडा वेळ खाली जाऊन बसायचे. फेब्रुवारीत मी आठवडाभर गेले होते. एका दुपारी त्यांच्याबरोबर खाली बसले. टेबलावर शिपाई, पूर्ण तयार, पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या, खांद्याला रायफल, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. दाजींचा हात त्याच्या शेजारीच टेबलावर पडला होता. काविळीनं पिवळा, सुरकुतलेला. शिपायाचा गाल मात्र त्या उन्हाळ्यातल्या हाताचा. मला बघवेना. कार्लनं दोनदा विचारलं होतं, मी करून देऊ का म्हणून, आणि दाजी दरवेळी म्हणत होते, घाई काय आहे. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, मग मी काढते. ते म्हणाले, "नको, तुझ्यासारखा डोळे वटारेल." आणि हसले. आमच्यातलं ते शेवटचं धड बोलणं. रडायचं सोडून मीही हसले, आणि आज वाटतं की बरंच केलं.

एप्रिलमध्ये ते गेले. दिवसकार्य झालं, रोहन कामावर परतला, मीही निघायच्या तयारीत होते, तेव्हा कार्ल आला. जुना कोट घालून, टोपी हातात धरून. क्लबाचं प्रदर्शन होतं, तिथं जयवंतचा शिपाई ठेवावा असं सगळ्यांच्या मनात होतं. डोळे तो काढून देणार होता, एका दुपारचं काम. मला वाटलं ताई हो म्हणेल. काही राहून गेलं असं नको वाटतं ना माणसाला. ताई चहाचे कप विसळत होती. तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "प्रदर्शनाचं राहू दे. मला शिकवशील?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझी ताई साधी रांगोळी काढायची तर ठिपके मोजताना चुकते. पण कार्ल हो म्हणाला आणि दर शनिवारी यायला लागला. फोनवर मला खबर मिळायची. ताईला लांबचं दिसत नाही, पण चष्मा काढला की जवळचं लख्ख दिसतं, हे कार्लला फार आवडलं. पुन्हा चमच्यांची पाकिटं आली. आधी पांढरं, तेही शुभ्र नाही, किंचित मळकं. मग बुबुळ. मग वरच्या पापणीची रेघ. ती सांगायची, आज सगळे डोळे वाया गेले. किंवा, आज एक जमला, पण त्याला जोडीदार मिळाला नाही. मी विचारलं नाही की नजर कुठे वळवणार. तिनंही सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मी ट्रॉयला जाऊन आले. बॅग ठेवली आणि आधी खाली गेले. टेबल झाडूनपुसून ठेवलेलं, ब्रश धुऊन उभे केलेले. शिपाई जागेवरच होता आणि त्याला डोळे होते. उजवा डाव्यापेक्षा जरासा मोठा झालाय. थोडा तिरळाच म्हणायचा. पहिल्या घोडेस्वाराला हसले होते तशी मी हसायला गेले, पण जमलं नाही. मी त्याच्या समोर उभी राहिले, तर तो माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीकडेही नाही, रायफलीकडेही नाही. मान तशीच समोर, पण नजर वर वळलेली, उजव्या कोपऱ्याकडे. मी त्याच्या नजरेच्या रेषेत मागे वळून बघितलं. जिना होता.

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवर ताई येऊन उभी राहिली. "मीने, पानं घेतलीत, चल," म्हणाली. मी 'आले' म्हटलं, आणि या घरातली इतक्या वर्षांची बोलणी आठवून पहिल्या पायरीशी थांबले, भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"दिवा राहू दे," ताई म्हणाली.